पेट्रोलची गाडी डिझेलवर चालेल का?

विहिरीवर ऑइल इंजिन धडधडताना आपण सांगलीकडे पाहतो. त्याला प्लग नसतो. मग डिझेल पेटते कसे? इंजिन हवेला 16 ते 20 पट दाबते. दाबलेली हवा भयंकर तापते. तीत डिझेलचा फवारा पडला, की भडका उडतो.

पेट्रोलचे इंजिन साधारण 8 ते 12 पटच दाबते. तिथे प्लगची ठिणगी लागते. त्यात नुसतं डिझेल ओतून भागत नाही. अख्खं इंजिनच बदलावं लागतं. जुन्या पेट्रोल जिपांना पूर्वी असे इंजिन बसवीत.

डिझेल इंजिन जड असते. पाटे नि ब्रेक कमी पडले, तर जिवाशी गाठ! शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी आर.सी. बुकातल्या नोंदीशी जुळली पाहिजे. म्हणून पाना हाती घेण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत विचारू या.