दोन हजार कुणाच्या खात्यात?

२०२० च्या टाळेबंदीत सरकारने शेतकऱ्याला काय दिले, असे विचारले तर बहुतेकजण 'दोन हजार रुपये' असे उत्तर देतील. उत्तर बरोबर आहे, पण ते पैसे नवे नव्हते. २६ मार्च २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींची गरीब कल्याण योजना जाहीर केली. तीत ८ कोटी ६९ लाख शेतकऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन हजार देण्याचे ठरले. हा 'पीएम-किसान'चा हप्ता. वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत, हे २०१९ पासून चालूच होते. एप्रिल ते जुलैचा हप्ता तेवढा लवकर सोडला.

लवकर सोडता आला, कारण यादी तयार होती. १ फेब्रुवारी २०१९ ला जमिनीच्या दप्तरी ज्याचे नाव, तो शेतकरी. नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब. अर्धा एकर असो की दहा एकर, रक्कम तीच. लग्नसराईतला गुलाब तोडून फेकावा लागलेल्या मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यालाही, नाव यादीत असेल तर, दोन हजारच.

आमचे थेरगाव आता नावापुरते गाव. डांगे चौकात उभे राहून शेत शोधून दाखवा! तरी शहरातली जमीन योजनेत बसते. फक्त ती खरोखर कसलेली हवी. आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी नोकर, दरमहा दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे यांना मात्र पैसे नाहीत. तरीही अनेक आयकरदात्यांच्या खात्यांत ते गेले आणि मग वसुलीच्या नोटिसा निघाल्या.

पण मला जास्त खटकते ते दुसरेच. माझ्या ओळखीचा एकजण मुळशीकडे निम्म्या वाट्याने मेथी-कोथिंबीर करतो. जमीन थेरगावातल्या एका काकूंची. त्या एप्रिलात बाजार बंद, जुड्या बांधावरच पिवळ्या पडल्या. बियाण्याचे, औषधाचे पैसे त्याचे गेले. हप्ता काकूंना आला. ''भाऊ, माती आम्ही तुडवायची अन् पैसं सातबाऱ्याला,'' तो म्हणाला. काकूंनी हजार रुपये त्याच्या हातावर ठेवले, निम्मा वाटा! सगळ्याच काकू तशा नसतात.

त्याचे नाव कागदावर का नाही? १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कित्येक कुळांना जमिनीचे मालक केले. तेव्हापासून 'कूळ लागेल' ही धास्ती मालकांच्या मनात बसली, ती गेलीच नाही. म्हणून वाटा तोंडी ठरतो. कायद्याने ज्याला वाचवायचे, तोच त्यामुळे दप्तराबाहेर राहिला.

दुसरी वाट नाही असे नाही. ओडिशाच्या 'कालिया' योजनेत २०१९ पासूनच वाटेकरी आणि भूमिहीन धरलेले होते. अमेरिकेनेही २०२० मध्ये शेतीसाठी १६ अब्ज डॉलर थेट वाटायचे ठरवले, तेव्हा पिकात ज्याचा हिस्सा त्याला पैसे, असा नियम ठेवला.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये 'नमो शेतकरी'चे आणखी सहा हजार जोडले. यादी मात्र पीएम-किसानचीच घेतली.