विजेची वेगवान मोटार : गुण आणि मर्यादा

विजेवर चालणारी मोटार ही अगदी अलीकडची देणगी आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १८९९ साली कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ ताशी १०० किलोमीटरची मर्यादा मोटारीतून प्रथमच ओलांडली, ती विजेच्याच गाडीतून. म्हणजे वेग या गाडीला आरंभापासून साध्य होता. ती मागे पडली ती मुख्यतः वीज साठविण्याच्या अडचणीमुळे. ही अडचण आज पुष्कळ कमी झाली आहे, पण संपलेली नाही. मी कलाशाखेचा विद्यार्थी; परंतु हा हिशेब साध्या अंकगणिताचा असल्यामुळे तो वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम गुण पाहू. पेट्रोलचे इंजिन पुरेसे फिरू लागल्यावरच त्याला पूर्ण जोर येतो. विजेची मोटार मात्र जागेवरूनच पूर्ण जोर लावते. मुंबईच्या महिंद्र समूहाच्या ‘ऑटोमोबिली पिनिनफारिना’ या कंपनीने २०१९ मध्ये जिनिव्हा येथे ‘बत्तिस्ता’ ही गाडी सादर केली. तिची शक्ती १९०० अश्वशक्ती, म्हणजे आपल्या शिवारातील पाच अश्वशक्तीचे ३८० पंप एकाच गाडीला जुंपल्यासारखे! शून्यापासून शंभरचा वेग ती दोन सेकंदांच्या आत गाठते.

आता दुसरी बाजू. १९०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १४०० किलोवॅट. आणि गाडीच्या बॅटरीत वीज मावते १२० युनिट. सारी शक्ती सतत वापरली तर बॅटरी पाच मिनिटांत रिकामी व्हावी. तसे कोणी चालवीत नाही हे खरे. पण वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास आठपट शक्ती लागते. म्हणून ज्या वेगासाठी ही गाडी घ्यायची, तोच वेग तिचा पल्ला खाऊन टाकतो.

पल्ला वाढवावा म्हणून बॅटरी मोठी केली तर वजन वाढते, टायर लवकर झिजतात आणि किंमतही चढते. मुंबईच्याच वझिरानी कंपनीने २०२१ मध्ये दाखविलेली ‘एकोंक’ ही गाडी ७३८ किलो वजनाची होती. पण तिच्यात जागा एकाच माणसाची. शिवाय तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना, बॅटरी थंड ठेवण्यासाठीही वीज खर्ची पडते.

वीज भरण्याचा प्रश्न तर याहून बिकट. घरातील पंधरा अँपिअरच्या प्लगमधून सुमारे तीन किलोवॅट मिळतात. त्या हिशेबाने १२० युनिट भरण्यास चाळीस तास लागतील. जलद भरणाऱ्या केंद्रावरही बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की गती मंदावते.

आमच्या नात्यात एकजण सोलापूर-पुणे मार्गावर भाड्याची गाडी चालवितात. कर्ज काढून विजेवरची गाडी घ्यावी काय, हा त्यांच्या घरी सध्या चर्चेचा विषय आहे. पुणे अडीचशे किलोमीटर. युनिटला सहा किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन ऐंशीहून अधिक युनिट लागतात. महिंद्रच्या २०२४ मधील ‘बीई ६’ या गाडीची मोठी बॅटरी ७९ युनिटांची आहे; म्हणजे वाटेत किंवा पुण्यात एकदा थांबणे आलेच. त्यांच्या पोटाचा प्रश्न गाडी किती सेकंदांत शंभर गाठते यावर अवलंबून नाही. थांब्यावर चालू स्थितीतले केंद्र मिळते की नाही, यावर आहे.

आणखी एक गोष्ट. मंद वेगात ही गाडी जवळजवळ आवाज करीत नाही. पंढरीची वाट चालणारे वारकरी, सायकलस्वार, ऊसाच्या बैलगाड्या ज्या रस्त्यावर असतात, तेथे न ऐकू येणारी आणि क्षणात झेप घेणारी गाडी चालकाकडून अधिक संयमाची अपेक्षा करते.

धुराचेही तसेच. सोलापूरजवळील एनटीपीसीचे १३२० मेगावॅटचे केंद्र कोळशावर चालते. तेव्हा शहरातील धूर कमी होतो, पण काही अंशी तो केवळ जागा बदलतो.

तात्पर्य, विजेच्या गाडीला माझा विरोध नाही. पेट्रोलचे इंजिन इंधनातील बहुतेक उष्णता वाया घालविते, तर विद्युत मोटार मिळालेल्या विजेपैकी सुमारे नव्वद टक्के कामी लावते. हा गुण सामान्य माणसाच्या खरा उपयोगाचा आहे. मात्र तो बेताच्या शक्तीच्या, हलक्या गाडीत फळाला येतो. १९०० अश्वशक्तीच्या हौसेत तो उधळला जातो.