गिटार कोठे तयार झाली?

गिटार हे वाद्य तुम्ही नक्कीच पाहिले असेल. सतारीप्रमाणे गिटारलाही तारा असतात आणि त्या ताणण्यासाठी खुंट्या असतात. खुंट्या बसवलेल्या भागाला आपण गिटारचा माथा म्हणू. पुष्कळ गिटारींच्या माथ्यावर एक लांबलचक क्रमांक असतो. प्रथम पाहणाऱ्याला तो अर्थहीन वाटतो. पण तसे नाही. पत्रावरचा पिन कोड वाचून टपाल खात्याला जसा ठिकाणाचा पत्ता लागतो, तसाच हा क्रमांक वाचून गिटार कोठे व केव्हा तयार झाली हे कळते.

हे कळण्याची गरज काय? समजा, एखाद्याला जुनी गिटार विकत घ्यायची आहे. दुकानात एकाच कंपनीच्या दोन गिटारी आहेत. दोन्ही दिसायला सारख्या आहेत. पण त्या दोन वेगळ्या देशांत तयार झाल्या आहेत. त्यांच्या किमतीत मोठा फरक असतो. क्रमांक न वाचता पैसे मोजणारा माणूस सहज फसू शकतो.

प्रथम एक सोपे उदाहरण पाहू. लिओ फेंडर यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फेंडर कंपनी सुरू केली. पुढे १९८५ मध्ये याच राज्यातील कोरोना या शहरात आणि १९८७ मध्ये मेक्सिको देशातील एन्सेनाडा या शहरात तिचे कारखाने निघाले. १९९० ते १९९९ या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या नेहमीच्या गिटारींच्या क्रमांकाच्या सुरुवातीला इंग्रजीतील ‘एन’ हे अक्षर असे. मेक्सिकोतील गिटारींवर ‘एमएन’ ही दोन अक्षरे असत. ‘एम’ म्हणजे मेक्सिको आणि ‘एन’ म्हणजे नव्वदचे दशक. अक्षरानंतरचा पहिला अंक वर्ष सांगतो. म्हणून ‘एन ५’ म्हणजे अमेरिका, १९९५ आणि ‘एमएन ५’ म्हणजे मेक्सिको, १९९५. एका अक्षराने देश बदलला!

आता थोडे अवघड उदाहरण घेऊ. गिब्सन ही कंपनी १९०२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात, कलामाझू या शहरात स्थापन झाली. १९७७ पासून या कंपनीने आठ अंकी क्रमांक सुरू केला. हा क्रमांक माथ्याच्या मागच्या बाजूस लाकडात दाबून उमटवलेला असे. काही खास गिटारी सोडल्या, तर २००५ पर्यंत हीच पद्धत होती. ती अशी:

पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष होते.
दुसरा, तिसरा व चौथा अंक मिळून वर्षातील दिवस होतो.
शेवटचे तीन अंक कारखाना सांगतात.

८२५०२१४७ हा क्रमांक घ्या. पहिला अंक ८, पाचवा २. म्हणून वर्ष १९८२. मधले अंक २५०. म्हणजे वर्षाचा २५० वा दिवस. हिशेब केला, तर ७ सप्टेंबर ही तारीख येते. शेवटचे अंक १४७. त्या काळी ००१ ते ४९९ हे आकडे कलामाझूचे आणि ५०० ते ९९९ हे टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या शहरातील नव्या कारखान्याचे होते. म्हणजे ही गिटार कलामाझूची आहे.

१९८४ मध्ये कलामाझूचा कारखाना बंद झाला. कंपनीचे काम नॅशव्हिलला गेले; पण काही जुन्या कारागिरांनी आपले शहर सोडले नाही. त्यांनी १९८५ मध्ये त्याच जुन्या इमारतीत हेरिटेज या नावाने स्वतःची गिटार कंपनी सुरू केली. इमारत तीच, हातही तेच. फक्त माथ्यावरचे नाव बदलले.

पुढे १९८९ मध्ये गिब्सनचा एक कारखाना मोंटाना राज्यातील बोझमन येथे निघाला. तेथे पोकळ पेटीच्या, विजेशिवाय वाजणाऱ्या गिटारी तयार होऊ लागल्या. ००१ ते २९९ हे आकडे आता बोझमनला मिळाले व पुढचे नॅशव्हिलकडे राहिले. म्हणून आधी वर्ष वाचावे, मग ठिकाण. १४७ हा आकडा १९८२ मध्ये कलामाझू सांगतो, तर १९९२ मध्ये बोझमन.

मित्रांनो, एक गोष्ट मात्र विसरू नका. क्रमांक हा एक साक्षीदार आहे, आणि एकाच साक्षीदारावर निकाल देता येत नाही. गिब्सनने १९६० नंतरच्या काही वर्षांत तोच क्रमांक वेगवेगळ्या वर्षांच्या गिटारींवर घातला होता. फेंडरच्या बहुतेक गिटारींची मान स्क्रूने बसवलेली असते. ती काढून दुसरीही बसवता येते. तेव्हा माथ्यावरचा क्रमांक मानेबद्दल खरे सांगेल, पण बाकीच्या गिटारबद्दल सांगेलच असे नाही. शिवाय नकली माल विकणारेही क्रमांक छापतात. म्हणून जाणकार माणूस क्रमांक वाचतो, मग लाकूड, खुंट्या, स्क्रू व आतील तारांची जोडणी पाहतो. सर्वांची साक्ष जुळली, तरच तो गिटार खरी मानतो.

आता तुम्ही वाचा. पोकळ पेटीच्या एका गिब्सन गिटारवर ९०३२११०५ हा क्रमांक आहे. ती कोणत्या तारखेची व कोणत्या शहरातील आहे? वहीत लिहा. मग खालचे उत्तर पाहा.

उत्तर: १ फेब्रुवारी १९९१, बोझमन.