जुन्या मोटारीचा कार्ब्युरेटर

पेट्रोल नीट जळावयाचे तर वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १५ भाग हवा लागते. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींत हे प्रमाण राखण्याचे कार्य कार्ब्युरेटर करतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने वाहू लागली म्हणजे तेथील दाब घटतो आणि जेटच्या सूक्ष्म छिद्रातून पेट्रोल ओढले जाते.

जेटमध्ये कचरा अडकल्यास पेट्रोल अपुरे पडून एंजिन अडखळते. फ्लोटची सुई नीट बसत नसल्यास पेट्रोल वाजवीहून अधिक येते व काळा धूर निघतो. तेच तप्त एंजिनावर सांडल्यास आगीचे भय असते. हे दोष सफाईने व नवी सुई बसवून दूर होतात. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉलने जुने रबर खराब होते, म्हणून नळ्याही तपासाव्यात. जेटमध्ये तार मात्र कदापि घालू नये. छिद्र किंचित रुंदावले तरी प्रमाण बिघडते. तेथे हवेचा झोतच योग्य होय.

थ्रॉटलच्या दांड्याभोवतीचे भोक झिजले असेल, तर तेथून जादा हवा शिरते. ती कोणताही स्क्रू फिरवून आवरत नाही. तेथे नवा बुश बसविणे शक्य नसेल, तरच कार्ब्युरेटर बदलावा. दोषाचे कारण ओळखणे, ही दुरुस्तीची पहिली पायरी होय.