आवर्तन धरणारे यंत्र

मैफलीच्या आरंभी तंबोरा जुळविला जातो. त्याच्या चार तारा एकामागून एक छेडल्या जातात : प्रथम पंचम, मग जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज. ही फेरी पूर्ण होताच पुन्हा पंचमापासून आरंभ होतो आणि गाणे संपेपर्यंत हा क्रम अखंड चालतो. ध्वनीची एक आकृती फिरती ठेवावयाची आणि तिच्या आधारावर नवे संगीत उभे करावयाचे, ही कल्पना आपल्याकडे अशी जुनीच आहे. आज इलेक्ट्रॉनिक यंत्रे घेऊन एकटाच कलावंत रंगमंचावर जे संगीत निर्माण करतो, त्याचाही पाया हाच होय. अशा फिरत्या ध्वनिखंडास लूप म्हणतात.

तंबोऱ्याची ही फेरी यंत्राकडे सोपविण्याचे काम बेंगळुरू येथे झाले. तेथील अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला. त्यांच्या रॅडेल या उद्योगाने पुढे तबल्याचे ठेके वाजविणारे ‘तालमाला’ हे यंत्रही तयार केले. अशा यंत्रांत स्वराची उंची आणि लय ही दोन्ही बटणांनी ठरविता येतात. आरंभीच्या यंत्रांत स्वर विद्युत्-मंडलातच निर्माण होत असे. नंतर खऱ्या वाद्यांचे ध्वनी यंत्राच्या स्मृतीत साठविले जाऊ लागले.

ध्वनी स्मृतीत साठवावयाचा म्हणजे काय करावयाचे ? माइकमधून येणाऱ्या विद्युत्-प्रवाहाची उंचसखल पातळी यंत्र फार थोड्या थोड्या अंतराने मोजते आणि ते अंक ओळीने लिहून ठेवते. सर्वपरिचित प्रमाण सेकंदास ४४,१०० मोजमापांचे आहे. मिनिटास १२० मात्रांच्या लयीत तीनतालाचे एक आवर्तन ८ सेकंदांचे होते. म्हणजे त्यासाठी ३,५२,८०० अंक लागतात. वादक समेवर पायाने कळ दाबतो, एक आवर्तन वाजवितो आणि पुढच्या समेवर पुन्हा कळ दाबतो. त्याबरोबर यंत्र शेवटच्या अंकावरून पहिल्या अंकाकडे परतते आणि वाजविलेले आवर्तन फिरू लागते. त्यावर दुसरा थर चढवावयाचा असल्यास नवे अंक जुन्या अंकांत मिळविले जातात.

मात्र येथेच खरी अडचण उद्भवते. समजा, दुसऱ्यांदा कळ दाबताना वादकास १/२० सेकंद उशीर झाला. एवढा उशीर ऐकणाऱ्याच्या ध्यानातही कदाचित येणार नाही. परंतु लूप आता ८.०५ सेकंदांचा झाला. शेजारी तालयंत्र नेमक्या ८ सेकंदांचे आवर्तन वाजवीत असेल, तर दहा आवर्तनांनंतर दोहोंत अर्ध्या सेकंदाचे, म्हणजे एका संपूर्ण मात्रेचे अंतर पडते आणि सम चुकते. लेहरा धरणारा सारंगीवादक अशा वेळी तबलजीकडे पाहून सावरून घेईल. यंत्र ऐकत नाही, म्हणून ते सावरीतही नाही; एकदा झालेली चूक ते तितक्याच निष्ठेने फिरवीत राहते.

यावर उपाय म्हणून सर्व यंत्रे एकाच घड्याळाशी बांधली जातात. १९८३ साली निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांना परस्परांशी बोलता यावे म्हणून मिडी नावाची संकेतपद्धती प्रचारात आली. तीत प्रत्येक ठोक्यास २४ सूक्ष्म संकेत पाठविले जातात. एक मात्रा म्हणजे एक ठोका धरल्यास वरील लयीत सेकंदास ४८ संकेत होतात. त्यांच्या आधारे यंत्र उशिरा पडलेली कळ जवळच्या मात्रेवर नेऊन बसविते.

याच पद्धतीचा उपयोग नियंत्रक नावाच्या उपकरणात होतो. त्यावर फिरत्या व सरकत्या कळा असतात. तो स्वतः मुका असतो. कोणती कळ किती फिरली हे ० ते १२७ पर्यंतच्या अंकाने तो इतर यंत्रांस कळवितो. त्याद्वारे ध्वनीवर संस्कार करता येतात. प्रतिध्वनीचेच उदाहरण घेऊ. १७० मीटरवरील कड्याकडे दिलेली हाक सुमारे एका सेकंदाने परत येते. यंत्र तेच काम स्मृतीच्या साहाय्याने करते. प्रत्येक फेरीत निम्मा ध्वनी परत घातला, तर तो विरत जातो. मात्र मुळापेक्षा अधिक ध्वनी परत घातला, तर तो वाढत वाढत कर्कश होतो. म्हणून कळ कोठवर न्यावयाची, हा कलावंताच्या कानाचा प्रश्न आहे.

मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ सालच्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत दहा राग इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर सादर केले. त्यात तालाचे आवर्तन यंत्राने सांभाळले आणि राग त्यांच्या बोटांनी उलगडला. कामाची ही वाटणी मार्गदर्शक आहे. खऱ्या तंबोऱ्याची तार पुन्हा छेडली जाते तेव्हा तिच्यात आधीचे कंपन शिल्लक असते, आणि बोटाचा दाबही दर वेळी किंचित निराळा असतो. त्यामुळे दोन फेऱ्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. लूपच्या फेऱ्या मात्र जशाच्या तशा असतात. केव्हा थर चढवावयाचा, केव्हा काढावयाचा आणि केव्हा यंत्र थांबवून शांतता ठेवावयाची, हे ठरविणे माणसाकडेच राहते. आवर्तन धरणे यंत्रास साधले आहे; समेवर येण्याचा आनंद मात्र ऐकणाऱ्याचा आहे.