विश्लेषण : एकट्याने प्रवास करता येतो? मग रेल्वेची सवलत नाही! दिव्यांग तरुणांसाठी नियम काय सांगतात?

समजा, अपघातात एक पाय गमावलेला विद्यार्थी सोलापूरहून पुण्यात शिकायला आला आहे. प्रमाणपत्रावर ६० टक्के दिव्यांगत्व. कृत्रिम पाय लावून तो एकटाच ये-जा करतो. एसटीच्या साध्या बसमध्ये त्याला तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. त्याच मार्गावर तो रेल्वेने निघाला, तर दिव्यांग म्हणून त्याला एक रुपयाही सुटत नाही.

असे का? एसटी टक्केवारी पाहते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असले की सवलत, आणि ६५ टक्क्यांच्या पुढे सोबत्यालाही निम्मे भाडे. रेल्वे मात्र विचारते, ‘सोबत कोणी नसेल तर प्रवास करता येतो का?’

रेल्वेच्या यादीत चारच गट

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. रेल्वेच्या भाडे सवलतीत चार गट येतात. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग प्रवासी, तशाच स्थितीतील बौद्धिक दिव्यांग, पूर्ण दृष्टिहीन, आणि ऐकू व बोलू दोन्ही न शकणारे. पहिल्या तीन गटांना स्लीपर आणि थ्री-एसीमध्ये ७५ टक्के, तर टू-एसीमध्ये ५० टक्के सवलत आहे. ती सोबत्यालाही लागू होते. चौथ्या गटाला स्लीपरमध्ये ५० टक्के.

म्हणजे ऐकू येत नाही, पण लहानपणापासून स्पीच थेरपी घेऊन बोलायला शिकलेली मुलगी या यादीत बसत नाही. कुबडी घेऊन एकटा फिरणारा मुलगाही नाही. ज्यांनी मेहनतीने स्वतःच्या पायावर उभे राहायचे ठरवले, त्यांनाच पूर्ण भाडे! सोबत्याची गरज असणाऱ्यांना सवलत हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण कृत्रिम पाय, त्याची दुरुस्ती, स्टेशनपर्यंतची रिक्षा हा खर्च एकट्याने फिरणाऱ्यालाही चुकत नाही.

आणखी एक अट तरुणांनाच जास्त जाचते. दिव्यांगत्व कायमचे असले तरी रेल्वेचे सवलत प्रमाणपत्र २५ वर्षांपर्यंतच्या व्यक्तीसाठी पाच वर्षेच चालते. २६ ते ३५ वयात दहा वर्षे, आणि पस्तिशीनंतर आयुष्यभर. कापलेला पाय पाच वर्षांत परत येत नाही, तरी कॉलेज आणि पहिल्या नोकरीच्या धावपळीत पुन्हा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहावे लागते.

चार गटांत न बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक वाट आहे, ती अनेकांच्या लक्षात येत नाही. सुट्टीत मूळ गावी जाताना विद्यार्थी म्हणून सेकंड क्लास आणि स्लीपरमध्ये ५० टक्के सवलत मिळू शकते. कॉलेजच्या कार्यालयातून रेल्वेचा अर्ज भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर द्यायचा. एका तिकिटावर सवलत मात्र एकच चालते.

पुण्यात पास मोफत, पण बसमध्ये चढायचे कसे?

शहरात प्रश्न उलटा आहे. महापालिका हद्दीत राहणाऱ्या, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी पीएमपीच्या मोफत पासची योजना आहे. पैशांचा प्रश्न इथे मिटतो, पायरीचा मिटत नाही.

इंजिनिअरिंगची सवय म्हणून थोडे गणित. इमारतींसाठी रॅम्पचे प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट उतार. शहरी बसच्या तळाची उंची मानकांनुसार ४००, ६५० किंवा ९०० मिलिमीटर असते. ६५० मिलिमीटरच्या बसमध्ये रस्त्यावरून या प्रमाणात चढायचे तर ७.८ मीटर लांब रॅम्प लागेल. अर्थातच तो शक्य नाही. लो-फ्लोअर बस १५० मिलिमीटर उंच पदपथाला चिकटून थांबली, तर फरक २५० मिलिमीटरच उरतो. तिथे घडीचा रॅम्प आणि एखाद्याचा हात पुरतो.

पण बस पदपथाला चिकटून थांबते कुठे? थांब्यापुढे रिक्षा आणि दुचाक्या उभ्या असतात. बस रस्त्याच्या मध्येच थांबते, आणि व्हीलचेअरवरच्या प्रवाशासाठी लो-फ्लोअरचा फायदा तिथेच संपतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या रेनबो बीआरटीत फलाट आणि बसचा तळ एका उंचीवर आणण्याची कल्पना होती. ती चांगलीच होती, पण स्थानक रस्त्याच्या मधोमध असल्याने आधी रस्ता ओलांडावा लागतो.

मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोत लिफ्ट, स्पर्शफरशा आणि व्हीलचेअरसाठी जागा आहे. स्थानकाच्या आत प्रवास सुकर. अडचण येते ती लिफ्टच्या दारातून बाहेर पडल्यावर, घरापर्यंतच्या पदपथावर.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४१ फक्त भाड्याबद्दल बोलत नाही. बसथांबे, तिकीट यंत्रे आणि रस्ते सुगम हवेत, वाहनात बदल करून घ्यायला आणि प्रवासात व्यक्तिगत मदत मिळायला योजना हव्यात, असे त्यात आहे. मोटार वाहन नियमांतील बदलानुसार १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव आसने, कुबड्या अडकवण्याची सोय आणि व्हीलचेअर आत घेऊन लॉक करण्याची व्यवस्था अपेक्षित आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात, सुगमतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान निकष बंधनकारक करा, असा आदेश केंद्राला दिला.

कागदपत्रे कोणती?

सुरुवात यूडीआयडी कार्डापासून करा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरता येतो. तपासणी ससून किंवा औंध जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयात होते. कार्डाची पट्टी ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळी, ८० आणि पुढे निळी असते. रेल्वेचे ऑनलाइन तिकीट सवलतीत काढायचे तर यूडीआयडीवर थांबू नका. रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात डॉक्टरांचे सवलत प्रमाणपत्र घेऊन रेल्वेचे वेगळे ओळखपत्र काढावे लागते. त्या नमुन्यात ‘सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही’ हे वाक्य असते. डॉक्टरांच्या सहीआधी ते नीट वाचा.