लोहाराचा भाता आणि भात्यामागची बाई

आज आपण बोलणार आहोत लोहाराच्या शाळेबद्दल. आपल्याकडं जुनी माणसं लोहाराच्या दुकानाला 'शाळा' किंवा 'साळ' म्हणतात. नातेपुत्यासारख्या बाजाराच्या गावात खुरपं, विळा, कोयता यांच्यावाचून कुणाचंच चालत नाही. पण हे काम कसं चालायचं आणि त्यात बाईचा वाटा किती होता, हे नव्या पोरींना कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

आधी शाळेत काय काय असतं ते पाहू. कोळशाची भट्टी, तिला वारा घालणारा चामड्याचा भाता, जड लोखंडी ऐरण, लहान हातोडा, मोठा घण, तापलेलं लोखंड धरायची सांडशी आणि पाण्याची कुंडी. एवढ्यावर सगळं काम. छप्पर बुटकं आणि आत अंधारं असतं, त्यालाही कारण आहे. लोखंड किती तापलं हे लोहार रंगावरून ओळखतो. आधी ते लाल होतं, मग केशरी, मग पिवळं. पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या, तर लोखंड जळालं म्हणून समजा. उजेडात हे रंग नीट कळत नाहीत.

धारेचं गुपित पाण्यात आहे. विळ्याची धार लाल करून पाण्यात बुडवली की ती कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून ती पुन्हा थोडी तापवून तिचा कडकपणा बेताचा करतात. याला म्हणतात 'पाणी देणं'. पाणी कमी पडलं तर धार दुमडते, जास्त झालं तर तुकडा पडतो. साध्या मऊ लोखंडाला हे पाणी धरत नाही. म्हणून चांगला कोयता मोटारीच्या जुन्या पाट्याचा करतात. बाजारात पातळ पत्र्याचं खुरपं स्वस्त मिळतं, पण चार दिवसांत ते बोथट का होतं, ते आता कळलं असेल.

आता बाईच्या कामाकडं येऊ. लोखंड तापतं तेवढ्याच वेळात घाव पडायला हवा. लोहाराच्या एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात हातोडा. मग भाता कोण ओढणार आणि घण कोण मारणार? पुष्कळ घरांत हे काम बाईचंच. लोहार हातोड्यानं जागा दाखवतो आणि ती नेमकी तिथंच घण घालते. गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी समाजातल्या बायका रस्त्याकडेला घण मारताना आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ताकद तर लागतेच, पण नजर आणि ताल त्याहून जास्त लागतो.

लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर शेतकऱ्याचे फाळ, कुळवाची पास, कुऱ्हाडी नीट करायच्या आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं, हे त्याचं बलुतं. काम दोघांचं, पण बलुतं पुरुषाच्या नावानं. बाईची मजुरी कुठंच धरली गेली नाही.

पुढं काळ बदलला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलीचं दुकान काढलं आणि 1903 साली लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानं जमीन नासेल या समजुतीनं सुरुवातीला शेतकरी तो घेईनात. 1910 साली औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथूनच 1930 साली बायकांसाठी 'स्त्री' मासिक निघालं. कारखान्याचा नांगर आला, मग ट्रॅक्टर आला, बैलगाडीला रबरी टायर आले. लाकडी चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवायचं मोठं काम संपलं. बलुतंही गेलं. राहिलं ते धार लावणं आणि किरकोळ दुरुस्ती.

आठवण मात्र टिकली. 1965 साली भालजी पेंढारकरांनी 'साधी माणसं' हा सिनेमा लोहार नवरा-बायकोवर काढला. त्यातलं लता मंगेशकरांनी गायलेलं ऐरणीचं गाणं आजही आपल्या रेडिओवर मागितलं जातं. कोल्हापूरजवळ कणेरी मठावरच्या सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात बलुतेदार कामात गुंतलेले दाखवले आहेत, त्यांत लोहारही आहे. गटाची सहल काढलीत तर मुलांना घेऊन जरूर जा.

पण मैत्रिणींनो, पुतळ्याला धार लावता येत नाही. पाणी देण्याची जाण माणसाच्या हातात असते. तो हात थांबला की ऐरण भंगारात किलोवर जाते आणि जाण तर कशानंच परत येत नाही. म्हणून तीन कामं आपल्या हातातली आहेत.

एक, सुगीच्या आधी गटातल्या सगळ्यांची खुरपी-विळे गोळा करून गावातल्याच लोहाराकडं एकदम द्या. त्याला चार दिवसांचं काम मिळेल आणि आपली खेपही वाचेल.

दोन, लोहारकाम करणाऱ्या घराला विश्वकर्मा योजनेची माहिती द्या. ही केंद्राची योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. अठरा कारागिरींत लोहारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपये, आणि तारणाशिवाय आधी 1 लाख व ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज 5 टक्के व्याजानं, अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातून एकाचंच नाव लागतं. ते नाव पुरुषाचंच हवं असं नाही. जी बाई स्वतः हत्यार धरून काम करते, तिचं नाव घालायचं का, याचा घरात बसून विचार करा. सध्याची स्थिती सुविधा केंद्रात विचारून घ्या.

तीन, गावातल्या म्हाताऱ्या लोहारणीला बैठकीला बोलवा. तिनं किती वर्षं भाता ओढला, घण कसा धरायचा, पाणी कधी द्यायचं, हे मोबाईलवर तिच्याच आवाजात भरून ठेवा. बलुत्यात तिची नोंद झाली नाही. आपल्या गटाच्या वहीत तरी ती होऊ द्या.